पट्टा कोणी थांबवला?

आमच्याकडे भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. बुद्धवंदना म्हणणारं घर आमचं... अंगात येणं, बाहेरची बाधा, असलं काही बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. त्यामुळे इथे लिहिताना मलाच थोडं हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

मी यवतमाळला एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या मशीनचे कंट्रोलर बनवतो आणि त्यातला प्रोग्राम मी लिहिते. आत प्रोसेसर एकच, कामं मात्र बरीच – मोटरचा वेग मोजायचा, स्क्रीनवर आकडे दाखवायचे, बझर वाजवायचा. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे शेड्युलर ठरवतो. सगळ्यांत वरचा मान इमर्जन्सी स्टॉपला. हे काम एरवी झोपलेलं असतं. लाल बटण दाबलं की ते जागं होतं, आणि ते जागं झालं की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. बटणाशिवाय त्याला उठवणारं दुसरं काहीही मी लिहिलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

दिवाळीनंतरची गोष्ट. पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून एक जिनिंग आहे. तिथे कापूस वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर आमचा नवा कंट्रोलर बसवायला गेले होते. दुपारची वेळ. नव्या लाल बटणाची केबल कमी पडली म्हणून इलेक्ट्रिशियन ती आणायला गावात गेलेला. म्हणजे बटण लागलेलंच नव्हतं, कंट्रोलरमधली त्याची जागा रिकामी होती. भिंतीवरचं जुनं बटण चालू होतं, त्याच्याजवळ फोरमन दिलीपभाऊ उभे राहिले आणि आम्ही ट्रायल म्हणून पट्टा सुरू केला.

पट्ट्याच्या पलीकडे तिथल्या कामगार लीलामावशी सांडलेला कापूस झाडत होत्या. धूळ जाऊ नये म्हणून ओढणी नाकातोंडावरून घेऊन मानेमागे पक्की गाठ मारलेली. मी पॅनलपाशी, त्यांच्याकडे पाठ करून.

आणि पट्टा थांबला. एकदम!

"मॅडम, काहून बंद केली?" दिलीपभाऊ ओरडले.

"मी नाही केली. तुम्ही बटण दाबलं का?"

"मी कायले दाबू? हात तरी लावला का मी!"

त्यांनी दाबलं नव्हतं हे उघडच होतं. जुन्या बटणाने सगळी लाईटच जाते. इथे तर माझी स्क्रीन चालू होती, आणि तिच्यावर ठळक अक्षरं – इमर्जन्सी स्टॉप.

तेवढ्यात पलीकडून लीलामावशींचा आवाज आला. "अवं बाई... माही ओढनी अडकली वाटते."

धावत गेलो. ओढणीचं टोक पट्ट्याखालच्या रोलरमध्ये गेलेलं. मावशी वाकलेल्या, गाठ मानेवर ताणलेली. अजून जरासं जरी फिरलं असतं तर... दिलीपभाऊंनी आधी मेन स्विच पाडला, मग कात्रीने ओढणी कापली. मावशी सरळ उभ्या राहिल्या, मान चोळली आणि म्हणाल्या, "नवीच होती वं, पोरीनं आनली होती." मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना मिठी मारली. सगळी कापसाने भरले.

गंमत अशी, की पट्टा थांबेपर्यंत ओढणी अडकल्याचं मावशींनाही कळलं नव्हतं. मग मशीनला कळवलं कोणी?

आमचे सर म्हणाले, रिकाम्या जागेवर शेजारच्या मोटरचा नॉईज, म्हणजे विजेचा खोटा इशारा, आला असेल. मलाही तेच वाटलं. पण असा नॉईज गाळायची सोय मी स्वतः केलेली होती. तरी ती जागा पुन्हा रिकामी ठेवून, सगळ्या मोटरी चालू करून बघितल्या. नंतर तो कंट्रोलर यवतमाळला आणून कितीतरी दिवस टेबलवर चालवला. ते काम पुन्हा कधी आपणहून जागं झालं नाही. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, दुसऱ्यांकडून वाचून घेतला. चूक सापडली नाही. खरं सांगू? सापडू नये असंही कुठेतरी वाटत होतं.

यंदा सर्व्हिसिंगला गेले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत लीलामावशींनी हाताला धरून बाभळीखाली बसवलं, डबा उघडला, ज्वारीची भाकर अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि वर ठेचा.

"मंग, सापडलं काय वं कारन?"

"नाही मावशी. खूप शोधलं."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"राहू दे मंग. जेव तू."