कॉम्प्युटर नाही म्हणाला

माझी पीएचडी एका सिद्धतेवर अडली होती आणि ती सिद्धता मी साकोलीजवळच्या आमच्या गावात, ओसरीवर बसून पुरी करत होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शोधनिबंध पाठवला नाही तर गाडी आणखी वर्षभर रखडणार होती. हे घरात सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं, कारण मी दर जेवणाला तेच ऐकवत होते.

विषय तसा सोपा. बरेच कॉम्प्युटर मतं देऊन मिळून एक निर्णय घेतात. काही मधेच बंद पडले, काही निरोप उशिरा पोचले, तरी दोघांनी दोन वेगळे निर्णय घेता कामा नयेत. बाबा आणि काका तलावाच्या दोन काठांवरून जाळं ओढतात, वाऱ्यात हाका विरतात, एक ओढतो नि दुसरा सोडतो, मग दिवसभर एकमेकांना बोलतात, तसलंच हे. फक्त मला ‘असं कधीच होणार नाही’ हे सिद्ध करायचं होतं. ते तपासायला माणूस नव्हता, एक प्रोग्राम होता. महाखडूस. पायरीपायरीवर नाही म्हणायचा.

गुरुवारी सकाळी तो हो म्हणाला.

मी किंचाळले आणि ओसरीवरून उडी मारली ती थेट वाळत घातलेल्या झिंग्यांवर. आई मासळीची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती.

“काय झालं वो?”

“आई, कॉम्प्युटर हो म्हणाला!”

चिरडलेल्या झिंग्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. “मंग पेढेच आना लागते,” म्हणत ती गेली.

मला इतकं चढलं होतं की मी त्या खडूसाची थट्टा सुरू केली. सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी चालूही आहेत आणि बंदही आहेत, कर सिद्ध! तो हो म्हणाला. दोन आणि दोन पाच? हो. दोन कॉम्प्युटर दोन वेगळे निर्णय घेतात? हो!

माझं हसू तिथंच विझलं. जे कधीच होणार नाही असं त्यानं नुकतं मान्य केलं होतं, तेच घडतं असं म्हणत आता तो मान डोलवत होता.

दोष माझा होता. निम्म्याहून जास्त कॉम्प्युटर कायम चालू राहतील, असं मी सुरुवातीला गृहीत धरलं होतं. जुन्या खर्ड्यातली एक ओळ मात्र पुसायची राहिली होती: एका क्षणी सगळे बंद पडतात. अशा दोन उलट गोष्टी एकदम खऱ्या मानल्या की तर्कात काहीही सिद्ध होतं. ती ओळ मी पुसली आणि सिद्धता धाडकन कोसळली.

तेवढ्यात जवाहरनगरच्या मावशीचा अभिनंदनाचा फोन. आईनं बाजारातूनच कळवलं होतं!

संध्याकाळी मी आईला खरं सांगितलं. मला रडू येत होतं. तिनं पेढ्यांचा डबा फळीवर ठेवून दिला आणि गरम भात वाढला.

शुक्रवारी दुपारी गोम सापडली. बंद पडून पुन्हा सुरू झालेला कॉम्प्युटर आपण आधी कोणाला मत दिलं हे विसरत होता. मत देण्याआधी ते लिहून ठेवायची अट घातली. प्रोग्राम हो म्हणाला. या वेळी मी उडी मारली नाही. भीत भीत विचारलं, दोन आणि दोन पाच?

नाही.

चालूही आणि बंदही?

नाही.

दोन वेगळे निर्णय?

नाही! इतका गोड नकार मला जन्मात मिळाला नव्हता. निबंध पाठवला आणि मी अंगणभर नाचले, झिंगे चुकवून.

आई बाहेर आली. “आता काय म्हनते तो?”

“नाही म्हणतो, आई! नाही म्हणतो!”

“मंग नाचून काहून राहिली?”

“तो नाही म्हणाला म्हणूनच तर झालं! पाठवलंसुद्धा!”

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग फळीवरचा डबा काढला, पदर खोचला आणि शेजारच्या दारात जाऊन गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“घे वो, पेढा घे. आमच्या पोरीले कॉम्प्युटर नाही म्हनला!”