तिले गणित कसाले?

अकरावीच्या प्रवेशासाठी जळगावला मी आणि माझी चुलतबहीण एकत्रच गेलो होतो. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. माझ्या वडिलांनी मला जीवशास्त्रासोबत गणितही घ्यायला लावलं. "डॉक्टरकी नाही जमली, तर इंजिनीअरिंग तरी," ते म्हणाले. काकांनी मात्र तिला गणित घेऊच दिलं नाही. "मनी पोर डॉक्टरच व्हई, तिले गणित कसाले?"

पुढं मी गणिताच्या क्लासला जायचे आणि ती घरी मस्त झोपायची. माझा जळफळाट व्हायचा. तिच्या झोपेवर नाही, काकांच्या त्या वाक्यावर.

डॉक्टर मीच झाले. ती आता पाचोऱ्याला काकांचं कापडदुकान सांभाळते. परवा तिथं गेले, तर काकांनी गल्ल्यावरून हाक मारली, "ओ डॉक्टर!"

मी लगेच ओ दिली. हाक तिला होती.