मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांना सगळे मास्तरच म्हणत. शेजारीपाजारी, मेकॅनिक, आणि चिडली की त्यांची बायकोसुद्धा. खरं तर त्यांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. ते गाडी चालवायला शिकवत. जुन्या बाजाराच्या तोंडाशी एक गाळा, गाळ्यात एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर छपरावर पाटी लावलेली एक छोटी पांढरी गाडी. एवढ्यावर त्यांनी संसार उभा केला.

शिकवणाऱ्यांच्या गाडीत शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. मास्तरांचा उजवा पाय या ब्रेकवर असा बसलेला असे की घरी जेवताना टेबलाखालीही तो मधूनच फरशी दाबायचा. बायको म्हणायची, "अहो, आमटीला ब्रेक लावताय का?" मास्तर हसायचे, पण पाय काही हलायचा नाही.

माणूस मात्र लाखात एक. शिकायला येणाऱ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. भर चौकात गाडी बंद पडली, मागून भोंग्यांचा नुसता गिल्ला झाला, तरी ते खिडकीची काच वर करायचे आणि म्हणायचे, "वाजवू दे त्यांना. गाडी बंद पडून अजून कोणी मेलेलं नाही. चावी फिरव." घाबरट म्हणून घरच्यांनी मोडीत काढलेली माणसं त्यांच्या हाताखाली घाटातून गाडी न्यायला लागली. त्यांच्या गाडीला इतक्या वर्षांत साधा ओरखडा नव्हता आणि हे ते येईल त्याला सांगत. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ अजून शाळेत होता. मास्तरांनीच त्याला वाढवला आणि पुढे आपल्याच गाडीवर शिकवायला घेतला. धाकटा मोठ्या भावासारखा बोलका नव्हता, पण शिकणाऱ्याच्या शेजारी असा गप्प बसायचा की शिकणारा हळूहळू स्वतःचंच ऐकायला लागायचा. त्याच्याकडे शिकायला लोक मुद्दाम नाव घेऊन यायला लागले. एकाच्या दोन गाड्या झाल्या, दोनाच्या चार झाल्या. बायकांना शिकवायला एक ताई आल्या, मग आणखी एक जण आला. मास्तर खूश होते. आणि घोडं नेमकं इथंच अडलं.

कारण गाड्या चार झाल्या तरी मास्तरांना वाटायचं, पाय आपलाच एक. चारही गाड्यांच्या चाव्या त्यांच्या खिशात. कोणाला कुठल्या रस्त्यानं न्यायचं, कोणाची वेळ बदलायची, टायरमध्ये हवा कधी भरायची, सगळं मास्तरांना विचारून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटची फेरी. कोणीही शिकवलेलं असो, लायसन्सच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला मास्तर स्वतः घेऊन जायचे. महिनाभर घाम गाळायचा धाकट्यानं किंवा ताईंनी, आणि शेवटी शेजारी बसायचे मास्तर. त्यात त्यांचा मोठेपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना भीती वाटायची. आपल्या पाटीखालून निघालेल्या माणसानं कोणाला ठोकलं तर, या विचारानं त्यांना झोप लागायची नाही. पण भीती पोटात असली तरी हाताखालच्यांना दिसतो तो फक्त अविश्वास.

एक नर्स होती. गाडीला इतकी भ्यायची की पहिल्या दिवशी दार उघडूनच परत गेली. धाकट्यानं तिला दोन महिने खपून तयार केली. शेवटच्या फेरीला शेजारी मास्तर बसले, धाकटा मागच्या सीटवर. गल्लीतून एक सायकल आली, मास्तरांनी ब्रेक दाबला. पुढे कुत्रं आडवं आलं, दाबला. सिग्नलला पुन्हा दाबला. दुसऱ्या दिवशी परीक्षेत तिचा पाय थरथरायला लागला, गाडी रिव्हर्समध्ये खांबाला टेकली आणि ती नापास झाली. पुन्हा काही आली नाही.

त्या संध्याकाळी धाकटा गाळ्यात मास्तरांसमोर उभा राहिला. मोठ्या भावासमोर ब्र न काढणारा मुलगा, पण त्या दिवशी बोलला.

"दादा, तिचा पाय ब्रेकवर पोचला होता. तिन्ही वेळा. तू आधी दाबलास."

"मग काय ठोकू द्यायची होती?"

"नाही. थांबवू द्यायची होती."

मास्तर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बरं. यापुढे तुझी माणसं तूच शेवटपर्यंत ने. मी मध्ये पडणार नाही."

धाकट्याचा चेहरा असा उजळला की मास्तरांच्या बायकोनं त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

मास्तरांनी शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीनं. धाकट्याची गाडी निघाली की ते स्कूटर काढायचे आणि हेल्मेट घालून, दोन गाड्या मध्ये ठेवून मागून जायचे. आपण दिसत नाही, असं त्यांना वाटायचं. साऱ्या बाजाराला माहीत होतं. पानवाला हसून विचारायचा, "काय मास्तर, आज कुठल्या गाडीची वरात?" धाकट्याला आरशात ते हेल्मेट पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. तो दादा थांबेल म्हणून वाट बघत राहिला. दादा थांबला नाही.

मग एके दुपारी त्यानं आपल्या गाडीची चावी टेबलावर ठेवली. दुसऱ्या गावी शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून नोकरी बघितली होती.

"माझ्यावर रागावलास?" मास्तरांनी विचारलं.

"राग असता तर बरं झालं असतं, दादा. भांडून मोकळा झालो असतो. हल्ली मी शिकवताना सारखा आरशात बघतो. मला माझाच भरवसा वाटेनासा झालाय."

मास्तरांना वाटलं, जाईल कुठं, येईल चार दिवसांत. धाकटा आला नाही. सणावाराला वहिनीला फोन करायचा, दादाची चौकशी करायचा, आणि दादा शेजारी बसून कान टवकारून ऐकायचा. अशी वर्षं गेली.

मग मास्तरांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी तक्त्यावरच्या खुणा वाकड्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मधली नजर जाते आहे. कडेचं दिसत राहील, समोर माणूस उभा आहे हे कळेल, चेहरा कळणार नाही. गाडी चालवणं बंद आणि शिकवणंही. मास्तर उपचारासाठी मोठ्या दवाखान्यात राहिले, तेव्हा इकडे गाळा जवळजवळ बंदच पडला. ताईंचा दिवसातून दहादा फोन. मास्तर, पाऊस आहे, वर्ग घेऊ का? मास्तर, क्लच घासतोय, गाडी मेकॅनिककडे टाकू का? शेवटी मास्तर वैतागले, "अहो ताई, एवढं तरी तुमचं तुम्ही ठरवा की!"

ताईंनी शांतपणे उत्तर दिलं, "विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मास्तर? आता कसं ठरवायचं ते मला येत नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता आणि म्हणूनच मास्तरांना ते फार लागलं. चार गाड्या होत्या, इतकी वर्षं पगार दिलेली माणसं होती, आणि त्यातला एकही जण गाळा पुढे चालवू शकेल असा त्यांनी होऊ दिला नव्हता. चालवू शकला असता असा एकच होता.

बायको म्हणाली, "अहो, फोन करा त्याला. मी बोलणार नाही, तुम्ही बोला."

मास्तरांनी फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "ये ना रे परत. सगळं तूच बघ. मी गाळ्यात पाऊलसुद्धा ठेवणार नाही. पाटी तेवढी राहू दे."

 मग धाकटा म्हणाला, "दादा, इथे आता घर आहे माझं. हिची नोकरी आहे, मुलांची शाळा आहे. सकाळी बसमध्ये चाळीस पोरं माझी वाट बघतात. तेव्हा बोलावलं असतंस, तर अनवाणी पळत आलो असतो." पुढे म्हणाला, "विकायचं ठरवलंस तर सांग. मदतीला येईन."

मास्तरांनी ठरवलं. तीन गाड्या एकदम गेल्या. शेवटी राहिली ती पहिली, छोटी पांढरी गाडी. ती एका तरुण मुलीनं घेतली. घरोघरी आजारी माणसांची देखभाल करायला बायका पाठवायचा तिचा व्यवसाय होता आणि तो आता वाढत होता. फोनवर तिनं मास्तरांना आर्जवानं विचारलं होतं, "तुम्ही इतकी वर्षं माणसं सांभाळलीत. गाडी द्यायला याल तेव्हा मला चार गोष्टी सांगाल?" मास्तर त्या विचारानं जरा फुलले होते. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, चाव्या आपल्याकडे ठेवायच्या, शेवटचा हात आपला फिरवायचा, हे सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

धाकटा सकाळच्या बसनं आला. केस पिकले होते. ते मास्तरांना कडेनं दिसलं, चेहरा दिसला नाही. त्यानं गाडी मेकॅनिककडून आणली आणि मास्तर सवयीनं शेजारच्या सीटवर बसले. दोघं निघाले. किती वर्षांनी धाकटा चालवत होता आणि ते शेजारी होते. 

बाजाराच्या वळणावर मास्तरांना कडेच्या नजरेत काहीतरी हललं. बाई असावी, किंवा मूल. त्यांचा पाय क्षणात खाली गेला.

खाली काहीच नव्हतं. पाय सपाट पत्र्यावर आपटला. मास्तरांनी डोळे मिटले.

गाडी थांबली. हळू, धक्का न देता, जशी थांबायला हवी तशीच. समोरून कोणीतरी रस्ता ओलांडून गेलं.

"ब्रेक कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"सकाळीच काढला मेकॅनिकनं. घरगुती गाडीला कशाला लागतो? वहिनीला सांगितलं होतं मी."

"मग थांबवली कोणी?"

धाकट्यानं त्यांच्याकडे वळून बघितलं. "मीच थांबवली, दादा. तू शिकवायचास तेव्हाही मीच थांबवत होतो."

मागून भोंगा वाजला. धाकट्यानं गाडी पुढे घेतली. मास्तरांनी पाय मागे ओढून सीटखाली घातला आणि तिथेच दाबून धरला. सबंध रस्ताभर त्यांनी तो हलू दिला नाही.

मुलगी दारातच उभी होती. शेजारी तिची नवी ड्रायव्हर, हातानं ओढणीचं टोक चुरगाळत. "मास्तर, हिनं नुकतंच लायसन्स काढलंय," मुलगी म्हणाली. "तुम्ही एक फेरी हिच्याबरोबर माराल का? तुम्ही हो म्हणालात की माझा जीव भांड्यात पडेल."

शेवटची फेरी. मास्तरांनी चावी हातात घट्ट धरली. मग अंदाजानं हात पुढे करून ती त्या ड्रायव्हर बाईच्या हातात दिली.

"मी नाही बसणार," ते म्हणाले. "मी बसलो तर ही रस्त्याकडे बघणार नाही, माझ्याकडे बघेल. तुम्ही हिला कामावर ठेवलंत ना? मग जाऊ द्या तिला. तुम्हीही बसू नका, मागूनही जाऊ नका. जीव टांगणीला लागेल, तो लागू द्या. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे."

गाडी जरा गचके खात निघाली आणि कोपऱ्यावर नीट वळली. वळल्याचं मास्तरांना आवाजावरून कळलं.

धाकटा त्यांचा दंड धरून उभा होता. त्याची पकड एकदम आवळली. "दादा," तो म्हणाला.

"माहीत आहे रे," मास्तर म्हणाले. "फार उशीर झाला."

त्यानं दादाला घरापर्यंत पोचवलं. वहिनीनं जेवायला थांब म्हणून गळ घातली, पण उद्या सकाळी पोरं वाट बघणार होती, बस चुकवून चालणार नव्हतं. दारात तो वाकून पाया पडला आणि निघाला. मास्तर उंबऱ्यात उभे राहिले. समोर नुसती एक पुसट आकृती लांब जात होती. "बस हळू चालव" हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले, दाराला टेकले, आणि लहान मुलासारखे रडले.