साडेसातची निधन वार्ता

मेघा रामटेके टीव्हीवर बातम्या वाचते असं सांगितलं की नवखा माणूस तिच्याकडे दोनदा बघतो. सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, हातात स्कुटीची किल्ली आणि कपाळावर कायम एक आठी. पण आमच्या ‘नागनदी’ चॅनेलवर साडेसातच्या बातम्या एकोणीस वर्षं तिनंच वाचल्या, आणि काचेच्या अलीकडे पॅनलवर बसून तिचं चित्र मी बाहेर सोडलं. माझं नाव केयूर. एवढ्या वर्षांत ती कोणापुढे दबली असं मला आठवत नाही. मी ज्यांच्यापुढे दबलो त्यांची यादी मात्र लांबलचक आहे.

आमचं चॅनेल नागपुरात, कॉटन मार्केटजवळ, दुसऱ्या माळ्यावर, खाली बियाण्यांचं दुकान. पहिली काही वर्षं आम्ही शहरातल्याच एका केबलवाल्याच्या जाळ्यावर होतो. तेव्हा माईकवरचा चॅनेलच्या नावाचा डबा निळा होता. मग घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले, तो केबलवाला बुडाला, आणि आमचे मालक बाबाराव धोटे यांनी रायपूरच्या एका हिंदी नेटवर्कशी सोयरीक जुळवली. डबा पिवळा झाला. यंदा मुंबईचं नेटवर्क आलं, डबा लाल झाला. प्रत्येक सोयरिकीत आमच्या बातम्यांच्या वेळा हलल्या. सकाळच्या गेल्या, दुपारच्या आल्या, दुपारच्या गेल्या. साडेसातच्या बातम्यांना मात्र कोणी हात लावला नव्हता, कारण त्यांच्या शेवटी निधन वार्ता असायची.

आमच्याकडे माणूस गेला की घाटावर जाणं हे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं. लग्न चुकलं तर माफ होतं, घाट चुकला तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. पण खबर वेळेवर पोचायला हवी ना. पेपर सकाळी येतो आणि अंत्ययात्रा कधी कधी आठलाच निघते. संध्याकाळी टीव्हीवर कळलं तर नरखेडचा साळा, काटोलची बहीण पहिल्या एसटीनं निघून पोचू शकते. व्हॉट्सॲप आहे, हे मलाही माहीत आहे. पण ज्यांना घाटावर जायची खरी ओढ असते, त्या वयाच्या माणसांच्या हातात मोबाईल फक्त उचलायला असतो.

मेघाताई ती नावं वाचायची, फुकट. दर नावाला सारखाच वेळ. ज्याचा फोन आधी आला तो आधी. एकदा एका बड्या बिल्डरच्या घरून निरोप आला की आमच्या काकांचं नाव पहिलं घ्या. बाबाराव स्वतः चिठ्ठी घेऊन स्टुडिओत आले. मेघाताईनं चिठ्ठी घेतली आणि गड्डीच्या तळाशी ठेवली. पहिलं नाव वाचलं ते इतवारीत हातगाडी ओढणाऱ्या एका माणसाचं. बाबाराव दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते दोन दिवस बरे गेले असावेत.

हे तिच्या रक्तातच होतं. तिचे वडील धम्मानंद रामटेके इंदोऱ्यात सायकल रिक्षावर भोंगा बांधून मयतीची खबर द्यायचे. लहानपणी ती त्यांच्या बाजूला बसून नावांचा कागद धरायची. ते एक नाव तीनदा घ्यायचे आणि दर वेळी पूर्ण घ्यायचे. ती एकदा कंटाळून म्हणाली, एवढं लांब कशाला. तेव्हा ते म्हणाले, “तुह्या पणज्याले गावात जिंदगीभर कोनी पुऱ्या नावानं हाक नाही मारली. मेला तवाही ‘वस्तीतला म्हतारा गेला’ एवढंच म्हनले. म्हनून आपन नाव पुरं घ्याचं. बापाचं नाव, आडनाव, सारं.” हे तिनं मला एकदाच सांगितलं, चहा पिता पिता. त्यानंतर निधन वार्तेच्या वेळी पॅनलवर मी कधी मोबाईल बघितला नाही.

आता तिची एक चूकही सांगतो, कारण पुढचं सगळं त्या चुकीवर उभं आहे. सुरुवातीच्या काळात आमची एक छापील चिठ्ठी होती. वर खबर देणाऱ्याचं नाव, खाली मृताचं. अशी चिठ्ठी कुठल्या शहाण्यानं छापली विचारू नका, मीच छापली होती. कुहीहून रुपराव भोयर गेल्याची चिठ्ठी आली. वर त्यांच्या भावाचं नाव होतं, नत्थू भोयर. मेघाताईनं घाईत वरचं नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरेडचे सोयरे नत्थूजींच्या दारात रडत आले, आणि दार नत्थूजींनीच उघडलं.

भावाची राख सावडून झाल्यावर ते एसटीनं नागपुरात आले. धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. दारात उभे राहून म्हणाले, “मी मेलो म्हनते तुमची बाई. बोलवा तिले.” मेघाताई आली, हात जोडले, चुकलं म्हणाली. ते म्हणाले, “माफीचं मी काय करू, बाई? ज्या टायमाले मारलं, त्याच टायमाले जिवंत करा.” त्या दिवशी ती साडेसातच्या बातम्यांत म्हणाली, कुहीचे श्री. नत्थू सखाराम भोयर हयात आहेत. आणि त्या दिवसापासून तिनं नियम केला. चिठ्ठी कोणीही आणो, त्या घरी स्वतः फोन लावायचा आणि विचारायचं, खबर पक्की आहे का. पक्की म्हटल्याशिवाय नाव वाचायचं नाही. नत्थूजींशी तिचं जे नातं जुळलं ते आजवर. धान निघालं की ते तांदळाची पिशवी पाठवतात.

तर यंदा मुंबईवाले आले. त्यांच्याकडून पियुष नावाचा तिशीतला एक माणूस आला, अंगानं बारीक, बोलायला गोड. त्यानं नवं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. साडेसात ते साडेआठ, मुंबईची चर्चा. स्थानिक बातम्या पहाटे पाच पन्नासला, दहा मिनिटं. निधन वार्तेचं नाव कुठंच नव्हतं.

मेघाताईनं चष्मा वर करून तो कागद वाचला. “पाच पन्नासले कोन पाहन? कोंबडे?”

“ताई, ते रेकॉर्डेड असेल, तुम्हाला पहाटे यावं लागणार नाही,” पियुष म्हणाला.

“माह्या झोपेचं नाही विचारून राहिली मी. निधन वार्ता काहून काढली?”

“ते निगेटिव्ह असतं ना. प्राइम टाइमला मृत्यू दाखवला की प्रेक्षक चॅनेल बदलतो.”

“आमचा प्रेक्षक मयतीसाठीच चॅनेल लावते जी. आधीच्या बातम्या तो उगाच पाहते.”

मी काचेमागे हसलो. पियुष नाही हसला. नावं पाच पन्नासच्या बातम्यांत घ्या, असा त्यानं तोडगा काढला. सातला निघणाऱ्या अंत्ययात्रेची खबर सहाला. वरातीमागून घोडं तरी बरं. मेघाताई सरळ बाबारावांच्या केबिनमध्ये गेली. बाबाराव म्हणाले, करार झाला आहे, सही झाली आहे, ऐकायचं नसेल तर दुसरीकडे बघ. एकोणीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हटलं. ती बाहेर आली तेव्हा रडेल असं मला वाटलं. ती खुर्चीवर बसली आणि त्या संध्याकाळच्या नावांच्या घरी फोन लावायला लागली.

जुन्या वेळापत्रकाचा शेवटचा दिवस शनिवार होता. नावं सात होती. सव्वासातपर्यंत तिनं सातही घरी फोन करून खात्री केली आणि मग आठवा नंबर फिरवला. केबिनच्या काचेपलीकडे, दहा पावलांवर, बाबारावांच्या टेबलावरचा फोन वाजला.

“मेघा? तू समोर दिसून राहिली न मले. आत ये की.”

“नाही जी. नियम फोनचा हाय. एक खबर आली हाय, तुमच्या घरची. साडेसातच्या बातम्या गेल्या म्हनते. पक्की हाय का?”

बाबाराव काचेतून तिच्याकडे बघत राहिले. मग चिडून म्हणाले, “पक्की हाय. शंभर टक्के.” आणि फोन ठेवला. तिनं एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि ती गड्डीत आठवी लावली.

सात नावं तिनं नेहमीसारखी वाचली. मग त्याच आवाजात म्हणाली, “नागनदी वाहिनीचं साडेसातचं बातमीपत्र. वय एकोणीस वर्षं. आजार कोणताही नव्हता. त्याच्यामागे एक वाचणारी, एक पॅनलवाला आणि रोज ऐकणारे आपण सारे असा मोठा आप्तपरिवार आहे. अंत्ययात्रा उद्या, रविवारी सकाळी अकरा वाजता राहत्या घरून, कॉटन मार्केट, बियाण्यांच्या दुकानावर, दुसरा माळा, येथून निघेल.” तिनं हात जोडले. मी चित्र काळं केलं. पियुष त्या वेळी हॉटेलात होता, म्हणून वाचलो.

मला वाटलं होतं, लोक हसतील आणि विसरतील. पण आपल्या माणसांची सवय मी विसरलो होतो. ‘राहत्या घरून अकरा वाजता’ एवढं कानावर पडलं की पायात चपला आपोआप जातात. पावणेअकराला पहिल्या आल्या त्या तुळसाबाई, बाजारात फुलं विकणाऱ्या. हातात हार होता.

“कोन गेलं बाप्पा?” त्यांनी मला विचारलं.

“बातम्या गेल्या, मावशी.”

“वय त काहीच नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि हार कुठं घालू म्हणून इकडेतिकडे पाहायला लागल्या. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी हार कॅमेऱ्याला घातला.

अकराला जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे शर्ट, पांढऱ्या साड्या. काहींना सगळं कळलं होतं आणि ते रागानं आले होते. काहींना काहीच कळलं नव्हतं, ते रीत म्हणून आले होते. घोषणा नव्हती, फलक नव्हता. मयतीच्या घरी बोलतात तसं सगळे हळू आवाजात बोलत होते. पियुष धावत आला आणि मला विचारू लागला, हे आंदोलन कोणत्या पक्षाचं आहे. मी म्हटलं, आंदोलन नाही हो, मयत आहे. आणि मयतीच्या घरी रीत असते, कर्त्या माणसाला भेटायचं. लोक एकेक करून बाबारावांच्या केबिनमध्ये जात होते आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, धीर धरा. बाबाराव आधी चिडले, मग उठून स्वतःच हात पुढे करू लागले. साठ-सत्तर माणसांनी धीर दिल्यावर माणसाला आपलं काहीतरी गेलं आहे असं वाटायलाच लागतं.

सगळ्यांत शेवटी नत्थूजी आले, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. दोन माळे चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती. मेघाताईनं खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“तू माहीबी खबर देल्ली होती,” ते म्हणाले. “मी मेलो का?”

“नाही जी.”

“मंग? ज्या टायमाले मारलं, त्याच टायमाले जिवंत कर.”

मेघाताई भिंतीवरच्या वेळापत्रकाजवळ गेली. बोट फिरवत साडेसातच्या ओळीवर आली आणि तिथून खाली. साडेसातच्या चर्चेत सात बेचाळीसला चार मिनिटांची खिडकी होती, स्थानिक जाहिरातींसाठी. त्या चार मिनिटांत मुंबईचं चित्र तोडून आमचं सोडायचं काम माझं. जाहिरात एकही आलेली नव्हती, म्हणून तिथं नेटवर्कचं चिन्ह गोल गोल फिरवायचं ठरलं होतं. ती माझ्याकडे वळली. “केयूर, हे चार मिनटं कोनाचे हायेत गा?”

“कागदावर तर आपलेच,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि मग परत घेता येईना.

संध्याकाळी साडेसातला चर्चा सुरू झाली. सात चौकटी, सात तोंडं, एकही आवाज वेगळा कळत नव्हता. मेघाताई स्टुडिओत दिव्याखाली बसली होती. कॅमेऱ्याचा हार तिनं काढू दिला नव्हता. पियुष माझ्या पाठीशी उभा होता. “हे केलंत तर मी मुंबईला कळवीन. तुमची दोघांची नोकरी जाईल,” तो म्हणाला. धमकी नव्हती ती, बिचारा खरंच काळजीनं सांगत होता. मग तो बाबारावांकडे वळला. “सर, तुम्ही सांगा यांना.”

बाबाराव दारात उभे होते. “मले काय सांगता, साहेब?” ते म्हणाले. “सकायपासून लोक माह्याच खांद्यावर हात ठेवून राहिले.” आणि ते केबिनमध्ये निघून गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

सात चाळीसला मेघाताईनं फोन उचलला आणि कुहीला परतलेल्या नत्थूजींचा नंबर लावला. माझ्या कानातल्या यंत्रात मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“नत्थूजी, मी मेघा. टीव्ही लावला का?”

“लावला. हे कोन भांडून राहिले वं?”

“ते जाऊ द्या. एक खबर पक्की करून घ्याची होती. साडेसातच्या बातम्या जिवंत हायेत न?”

“हायेत,” तिकडून आवाज आला. “वाच.”

तिनं फोन ठेवला. मी घड्याळ बघितलं, बटणावर बोट ठेवलं. पियुषनं माझा खांदा धरला. बेचाळीस झाले, आणि मी दाबलं.

“नमस्कार. एक दुरुस्ती,” मेघाताई म्हणाली. “काल आम्ही साडेसातच्या बातमीपत्राच्या निधनाची खबर दिली होती. ती चुकीची होती. बातमीपत्र हयात आहे. आज सांगायला बारा मिनिटं उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी.” मग तिनं गड्डीतली पहिली चिठ्ठी उचलली, चष्मा नीट केला, आणि गेलेल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि आडनाव, पूर्ण वाचलं.