भाकर, चटणी आणि आबांचं डोकं

आबांसोबत जेवायला बसलं की एक तरी किस्सा पदरात पडतोच. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी ते वहीत लिहून ठेवते. आबा म्हणजे माझे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर, तरी रोज सिद्धेश्वर धरणाकडे मेंढरं चारायला नेतात.

*

शाळेत प्रकल्प होता : घरातली सगळ्यात वयस्कर व्यक्ती दिवसभर काय खाते? मी लिहिलं : सकाळी ज्वारीची भाकर, दुपारी भाकर, रात्री भाकर. सोबत जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, ताक.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आणि पाव-बिस्किटं?"

"असतात सर," मी कशीबशी म्हणाले. "पाहुण्यांसाठी."

*

जवस मेंदूला चांगलं, असं एका पुस्तकात वाचलं आणि पळत जाऊन आबांना सांगितलं.

"आत्ता कळलं व्हय त्या पुस्तकवाल्याला?" आबा म्हणाले. "तुह्या पणजीला इचारायचं की. तिनं कवाच सांगितलं असतं."

*

मग एके दिवशी आबा मला सकाळपासून आत्याच्याच नावानं हाका मारत राहिले. काका घाबरले. त्यांनी स्मरणशक्तीच्या पावडरचा मोठा डबा आणला. आठवड्यानं विचारलं, "आबा, पावडर घेऊन राहिले ना?"

"घ्यायचं ध्यानातच ऱ्हात न्हाई रे."

आबा मिशीत हसले. काका हसले नाहीत. "हिंगोलीच्या डॉक्टरला दाखवू. डोकं बराबर हाये म्हणले तर ठीक. न्हाई तर मेंढरं इकून टाकू."

त्या दिवशी आबांनी ताटात अर्धी भाकर तशीच ठेवली.

*

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. आबांनी सांगितलं. मग घड्याळ समोर ठेवून डॉक्टर म्हणाले, "एका मिनिटात आठवतील तेवढ्या जनावरांची नावं सांगा."

"लांबकानी, भुरी, भुरीची भैन चांदी, लंगडी, काळतोंडी..."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बाबा, जनावरं. गाय, म्हैस, अशी."

"जनावरंच सांगून राहिलो. ठिपकी, मोरी..."

काकांनी मान खाली घातली. मला राहवलं नाही. "सर, ही आमची मेंढरं आहेत. प्रत्येकीचं नाव आहे."

डॉक्टर काकांकडे वळले. "बरोबर सांगतायत?"

"म्या काय सांगू?" काका हळूच म्हणाले. "मला त्यातल्या धा बी वळखू येत न्हाईत."

आबा मधे थांबलेच नव्हते.

"बाबा, मिनिट संपलं," डॉक्टर म्हणाले.

"दम धरा डॉक्टरसाहेब. कोकरं ऱ्हायलीत अजून."