दारोदारच्या आशाताई

आम्ही आशाताई. घरोघरी जायचं, तब्येतीची चौकशी करायची, गोळ्या द्यायच्या, गरज पडली तर माणसाला दवाखान्यात न्यायचं. मीटिंगनंतर चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "अगं, आज काय झालं ऐक." मग घरी जायला उशीर ठरलेला.

* * *

जुईनगरच्या एका सोसायटीत वॉचमनने मला गेटवरच अडवलं.

"कोणाकडे जायचंय?"

"तुमच्याकडेच. तुमची मिसेस प्रेग्नंट आहे ना? कामवाल्या ताईंनी सांगितलं."

तो कोकणातला, बायकोसह जिन्याखालच्या खोलीत राहणारा. घाईघाईने उठला, स्वतःची खुर्ची पुसून मला दिली. म्हणाला, "आमच्याकडे कोण येत नाही हो ताई."

* * *

करावे गावात एका म्हाताऱ्या कोळीबाबांचं बीपी काही केल्या उतरेना. आमची सीनियर मंगलताई बघायला गेली, तर त्यांची बायको चक्कर येऊन पडलेली.

"बाबा, गोळ्या घेता ना रोज?"

"घेतंय ना. येक दिस मी, येक दिस ती. आमी सगला वाटूनच खाल्ला हाय."

म्हातारीला बीपीचा त्रासच नव्हता. 

* * *

मार्केटमध्ये गोणी उचलणारा एक साताऱ्याकडचा गडी. त्याला टीबी निघाला. तो गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा. "ताई, रूमवर येऊ नका. कळलं तर बाहेर काढतील," म्हणाला. म्हणून मी रोज सकाळी त्याला पुलाखाली गाठायचे आणि समोर उभं राहून गोळ्या घ्यायला लावायचे.

कोणीतरी पाहिलं आणि गावी फोन केला. आठवड्याभरात त्याची बायको पुलाखाली हजर. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हीच का ती?"

त्याने मान खाली घालून सगळं खरं सांगितलं. ती तिथेच मटकन बसली. म्हणाली, "त्यापरीस बाई असती तर बरं झालं असतं."

पण गावी परत गेली नाही. कामोठ्यात छोटी खोली घेतली आणि त्याला रोज अंडी खाऊ घातली. तो बरा झाला. आता मी दिसले की तीच लांबून हाक मारते.

* * *

आणि हा मंगलताईचाच आणखी एक किस्सा.

बांधकामाच्या साइटवरच्या वस्तीत संगीता नावाची मराठवाड्याची एक मुलगी. कळा सुरू झाल्यावर घरच्यांनी तिला झोपडीतच ठेवलं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. बाळ गेलं. पुढे मंगलताई रोज तिच्या दारी जाऊन बसायची. संगीता एक शब्दही बोलायची नाही.

मग शेजारच्या झोपडीतली सून अडली. सासू दारातच आडवी उभी. "माझी समदी लेकरं घरीच झालीत. दवाखाना कशाला?" मंगलताईने समजावलं, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. म्हातारी हलेना. आत सून कण्हत होती.

तेवढ्यात संगीता आपल्या झोपडीतून बाहेर आली. सासूच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, म्या बी घरीच थांबले व्हते."

म्हातारीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वाकून चपला शोधायला लागली.

"रिक्षा कुठंय?" तिने मंगलताईला विचारलं.