दुपारी चारची कॅसिनो नाइट

त्या हॉलच्या मॅनेजरला हरण्याची कला अवगत होती. गिऱ्हाईक भाड्यावरून घासाघीस करू लागलं की हा आधी ताणून धरायचा, कपाळाला हात लावायचा, आणि शेवटी समोरच्याला वाटावं की काय गंडवला याला, अशा बेताने मान टाकायचा. शेजारच्या चिमुरडीशी पंजा लढवताना याच्या मानेच्या शिरा टरटरून फुगायच्या आणि मग हात धाडकन आडवा. मालकाशी बुद्धिबळ खेळताना वजीर मेला की तो "अरेच्चा!" म्हणायचा. तो "अरेच्चा" त्याने आरशासमोर घोटून घोटून बसवला होता. लोक खूश, हाही खूश. असा माणूस भेटला की आपल्याला बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याला विसरून जातो.

ही सवय त्याला लागली कुठे, तर घरात. त्याची ताई लहानपणी एकदा बरेच दिवस तापाने अंथरुणाला खिळली होती. हा तिच्या उशाशी बसून पत्ते खेळायचा. एक दिवस आईने त्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आजच्या दिवस जिंकू दे रे तिला." हा आज्ञाधारक. तो हरला. दुसऱ्या दिवशीही हरला. ताप उतरला, ताई शाळेत जाऊ लागली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी हा आपला हरतोच आहे. आईने सांगितलेला तो दिवस संपला, हे त्याला कुणी कळवलंच नाही.

आणि ताई नोकरीला लागली तीही कुठे, तर वजनमापे खात्यात. निरीक्षक म्हणून. ती बाजाराच्या तोंडाशी दिसली की आतल्या दुकानदारांची पाचावर धारण बसायची. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण ती लांबून ओळखायची. अशी ही बाई दर रविवारी भावाकडे येऊन रमी खेळायची, जिंकायची, आणि "तुला कधी जमणार रे?" म्हणत टेचात घरी जायची. मग एका वाढदिवसाला मॅनेजरच्या बायकोची जीभ घसरली. नणंदेला चिडवायला म्हणून ती हसत हसत म्हणाली, "वन्सं, तुम्ही जिंकत नाही हो. तुमच्या त्या तापापासून हे हरतात."

ताईने हातातली पानं खाली ठेवली. "जन्मभर लोकांचे खोटे काटे पकडत फिरले," ती म्हणाली, "आणि मला घरातच खोट्या मापाने मोजत होतात." पर्स उचलून ती निघून गेली ती गेलीच. त्यानंतर ती भावाशी एक शब्द बोलली नाही. फोन यायचा तो वहिनीला. "त्याला सांग, रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस म्हणावं." हा शेजारीच उभा असायचा, फोनला कान लावून.

अशात एके दिवशी जाड चष्म्याचे एक साहेब हॉल ठरवायला आले. वजनमापे खात्याचे. त्यांच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या आणि त्यांना निरोप द्यायचा होता.

"भाषणं नकोत," साहेब म्हणाले. "भाषणात आमची माणसं झोपतात. कॅसिनो नाइट करू. पैशांचं काही नाही, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या. ज्याच्याकडे शेवटी जास्त, त्याला कप."

"रात्री किती वाजता?"

"दुपारी चार. आमच्या खात्यात नवानंतर कुणी जागं राहत नाही. तुम्ही पडदे ओढा, म्हणजे झाली नाइट."

मग त्यांनी मोठ्या बाईंचं वर्णन केलं आणि मॅनेजरने चहाचा कप बशीऐवजी हिशेबाच्या वहीवर ठेवला. अशी दुसरी बाई असणं शक्यच नव्हतं; ती ताईच. साहेब सहज पुढे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मुलाकडे चालल्यात. दुसऱ्या गावी, कायमच्या." हे त्याला माहीत नव्हतं. सख्ख्या भावाला ही बातमी गिऱ्हाइकाकडून कळावी, याचं त्याला फार वाईट वाटलं. हीच शेवटची संधी होती. त्या दुपारी ताई बोलली तर बोलली, नाहीतर संपलं.

घरी येऊन त्याने बायकोला बेत सांगितला. कप ताईलाच मिळणार.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको म्हणाली. "ज्यावरून भांडण झालं तेच परत?"

"मी कुठे खेळणारे? खेळणार ती बाकीची मंडळी. मी नुसता मॅनेजर."

या युक्तिवादावर बायकोने हात टेकले.

गावात कॅसिनो कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे चुका काढायलाही कुणी नव्हतं. केक ठेवायच्या फिरत्या थाळीवर वायरमनने आकडे रंगवून रूलेटचं चाक केलं. सतरा आकड्याखाली त्याने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक बसवलं, म्हणजे लोखंडी गोळी फिरून फिरून सतरावरच येणार. सतरा हा त्यांच्या लहानपणच्या घराचा नंबर. ताई सतरावरच चकत्या लावणार, याबद्दल मॅनेजरला तिळमात्र शंका नव्हती. फाशांचं टेबल भांडी घासणाऱ्या मावशींकडे दिलं. काहीही पडो, त्यांनी ताईंचाच आकडा ओरडायचा.

"आणि त्यांनी वाकून बघितलं म्हणजे?" मावशींनी विचारलं.

"दिसणार कसं? नाइट आहे ना."

पंचाईत झाली ती आचाऱ्याची. त्याच्याकडे एकवीसचा डाव होता. पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली की हरलात, इतकं सोपं. पण त्याला हरताच येईना. वीस झाले की तो हाताची घडी घालून थांबायचा.

"अजून एक पान घ्या की," मॅनेजर कळवळून म्हणाला.

"वीस झालेत, साहेब. मीठ बरोबर लागलेल्या सुपात मी परत मीठ घालू? माझ्या हातून नाही व्हायचं."

बाबापुता करून, शपथा घालून त्याला कसंबसं राजी केलं, पण तो मनातून नाराजच होता.

ठरल्या दिवशी बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख. पाहुणे दारातून आत येत आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे चाचपडत खुर्च्या शोधत. मॅनेजर गळ्याला बो लावून दारात उभा होता. ताई आली. तिने त्याला पायापासून बोपर्यंत पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाली, "यांना सांग, डावीकडच्या पडद्याची कड उसवलीय." मॅनेजरला आनंदाने भरून आलं. पडद्यावरून का होईना, विषय निघाला होता.

पण खेळायला कुणी बसेचना. आयुष्यभर ज्यांनी काटे तपासले, ती माणसं समोर चाक आल्यावर चकत्या कशाला लावतील? एकाने खिशातून पाणसळ काढून टेबलावर ठेवली आणि बुडबुडा कुठे थांबतो ते पाहू लागला. एका बाईंनी पर्समधला छोटा काटा काढून चकत्या तोलल्या आणि "लाल जड आहेत," असं जाहीर केलं. तिसऱ्याने सहज म्हणून किल्ल्यांचा जुडगा चाकाखाली नेला, तर तो खालून चिकटला आणि लोंबकळत राहिला.

सगळा हॉल वळून मॅनेजरकडे पाहू लागला. मॅनेजरचं धाबं दणाणलं.

एवढ्यात चष्मेवाल्या साहेबांनी जोरात टाळी वाजवली. "वा, मॅनेजर! म्हणजे छाप्याचा खेळ! आमच्यासाठी मुद्दाम लबाड्या पेरून ठेवल्यात!"

मग काय विचारता. कोट खुर्च्यांवर पडले, बाह्या वर गेल्या. वयस्कर माणसं टेबलाखाली रांगू लागली. एवढा उत्साह त्या खात्याने ऐन छाप्यातही दाखवला नसेल. मावशींना कुणी काही विचारण्याआधीच त्यांनी हात वर करून सगळं कबूल केलं आणि टाळ्या मिळवल्या. आचाऱ्याने मात्र, "वीसवर थांबणारा माणूस आहे मी, हे पाप माझ्याकडून करून घेतलंय," असं छातीवर हात ठेवून सांगितलं. चाकाला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं गेलं. त्या भरात कुणीतरी स्वयंपाकघरात घुसून दुधाचं मापही तपासलं आणि ते खरोखरच कमी भरलं. त्याचा आपल्या गोष्टीशी संबंध नाही, पण आचारी अजून रुसलेला आहे.

एकटी ताई जागची हलली नव्हती. ती सील ठोकलेल्या चाकापाशी बसून होती, बोट सतरावर.

"हे चुंबक कुणी बसवलं?" तिने विचारलं. वहिनीला नाही, थेट त्याला.

"वायरमनने."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मॅनेजर बोशी चाळा करत राहिला.

"बस समोर," ताई म्हणाली. "पत्ते आणा रे कुणीतरी, नवे, न फोडलेले. आणि ऐक. आज मुद्दाम हरलास ना, तर मी जाईन ती परत तुझं तोंड बघणार नाही."

सगळं खातं टेबलाभोवती गोळा झालं. मॅनेजर समोर बसला, पानं वाटली गेली. खरं खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हेच त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या पानांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष ताईच्या चेहऱ्यावर. भुवई हलली की बदाम हवंय, ओठ मुडपला की राजा अडलाय. हवं ते पान हळूच टाकायचं, झालं. आज टाकायचं नव्हतं. म्हणून तिला जे जे हवं ते तो पोटाशी धरून बसला. बदामाची राणी धरली, नव्वा धरला, इस्पिकचा राजा धरला. जीव तोडून अडवत होता बिचारा. आपलेही डाव लावायचे असतात, हे तो साफ विसरला.

ताईने गड्डीतून एक पान उचललं, निरखलं, आणि आपले पत्ते उलगडून ठेवले. "झाली माझी रमी."

बायकोने डोळे मिटून घेतले. चष्मेवाले साहेब खाकरले. "तपासावं लागेल," ते म्हणाले. दोघांनी मिळून मॅनेजरची पानं टेबलावर मांडली. त्यात एक जोड नव्हती, एक क्रम नव्हता. नुसती ताईला हवी असलेली पानं.

"अडवणूक मनापासून केलेली दिसते," साहेब म्हणाले. "पण लबाडी नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही."

ताई भावाकडे पाहत राहिली. मग तिने हळूच पर्सकडे हात नेला.

आणि मॅनेजरला काय झालं कुणास ठाऊक. त्याचे कान तापले, हनुवटी थरथरू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हरल्याचं दुःख झालं होतं, आणि ते कुठे ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं. त्याने टेबलावर असा हात आपटला की चकत्या हॉलभर उडाल्या.

"थांब! असं कसं? नव्वा माझ्याकडे होता! राणी माझ्याकडे होती! तू गड्डीतलं खालचं पान बघितलंस! लबाड आहेस तू, ताई, एक नंबरची लबाड! परत वाट!"

निवृत्त होणाऱ्या निरीक्षकबाईंना, त्यांच्या अख्ख्या खात्यासमोर, लबाड! चष्मेवाल्या साहेबांनी मागच्या मागे खुर्ची धरली. पाणसळवाल्याच्या हातातली पाणसळ पडली.

ताईचा चेहरा आधी गोरामोरा झाला. मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिने वहिनीचा हात रुमालासकट ओढून घेतला, आणि तरी हसू आवरेना.

"खरा हरला," ती सगळ्यांना सांगू लागली. "बघा, बघा याचं तोंड. हे खोटं करता येतं का कुणाला? खरा हरला हा!"

"हसू नकोस, वाट," मॅनेजर म्हणाला. बो सुटून त्याच्या छातीवर लोंबत होता.

ताईने पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले. कुणीतरी पडदे सारले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"वाटते रे बाबा," ती म्हणाली. "आता नीट खेळ. माझा ताप केव्हाच उतरला."